येड्याइची डाक्टरीण

हरकरेबाई मुलांना 'का' असं कधी विचारत नसत. आम्ही बाकीचे मास्तर आणि मास्तरणी दिवसभर तेच विचारायचो. उशीर का झाला, पाढे का आले नाहीत, रडतोस का, हसतोस का. बाई म्हणायच्या, "कुसुमताई, 'का' हा फौजदाराचा शब्द आहे. तो कानावर पडला की मूल आधी पळायची वाट शोधतं." त्या फक्त "मग?" एवढंच म्हणायच्या. मूल काहीतरी अर्धवट सांगायचं, थांबायचं. बाई खाली मान घालून भुईमुगाच्या शेंगा फोडत असायच्या. जरा वेळाने, जणू काही त्यांना घाई नाही, जगात कोणालाच घाई नाही, अशा आवाजात पुन्हा म्हणायच्या, "बरं. मग?"

शेंगा त्यांच्याजवळ नेहमी असायच्या. पदराच्या टोकाला गाठ मारून त्यात शेंगा आणि गुळाचा खडा. टरफलं शाळेच्या सारवलेल्या जमिनीवर पडायची आणि शिपाई महादेव मनापासून वैतागायचा. "एवढी शिकेल बाई, पन बकरीवानी दिवसभर चरत राह्यते," असं तो माझ्याजवळ कुरकुरायचा. पण झाडताना त्यांच्या खोलीपाशी आला की हळूच झाडायचा, आत मूल असेल म्हणून.

त्या देवळीला आल्या तेव्हा आमचा वर्धा जिल्हा मध्यप्रदेशात होता आणि राजधानी नागपूरला होती. शिक्षणखात्यातल्या कोणा हौशी माणसाच्या मनात आलं, की विलायतेत शाळांमध्ये मानसशास्त्रज्ञ असतात, तर आपल्याकडेही प्रयोग करून पाहावा. जबलपूरला शिकून आलेल्या हरकरेबाईंना त्यांनी आमच्या सरकारी मराठी शाळेत पाठवलं. सोबत हेडमास्तरांच्या नावाने हुकूम होता, की बाईंना स्वतंत्र खोली द्यावी आणि सर्व सहकार्य करावे.

लोणकर हेडमास्तरांनी तो हुकूम वाचला आणि कपाळाला हात लावला. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. दोन वर्गांना मास्तर नव्हते, पावसाळ्यात तिसरीच्या वर्गात मुलं भिंतीला चिकटून बसायची आणि फळ्याला काळा रंग लावायला ते स्वतः बाह्या सरसावायचे. ते बाईंच्या तोंडावरच म्हणाले, "मी वर्षभर मास्तर मागतो आहे. सरकारने पोरांची डोकी तपासायला बाई धाडली! बाई, तुम्हाला शिवणकाम येतं का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"गाणं?"

"नाही. आणि आलं असतं तरी शिकवलं नसतं. मी त्यासाठी आलेले नाही."

पहिल्याच दिवशी असं बोलायचं नसतं. पण बाईंना ते कळायचं नाही. मुलांसमोर मेणाहून मऊ असणारी ही बाई मोठ्या माणसांशी बोलायला लागली की हटकून काहीतरी टोचून जायची. आपलं काम काय ते चार लोकांना समजेल असं सांगणं त्यांना जमायचंच नाही. कोणी विचारलं तर आधी इंग्रजी शब्द यायचे, समोरचा गोंधळला की त्या चिडायच्या, आणि मग गप्प. आज वाटतं, त्यांच्या कामाला जे अडथळे आले त्यातले थोडे त्यांच्या या स्वभावातूनही आले. सगळे नाही, पण थोडे.

हेडमास्तरांनी त्यांना नकाशांची खोली दिली. फाटके नकाशे, मोडके बाक, एक पृथ्वीचा गोल ज्याच्यावरून आफ्रिका उखडून गेली होती. बाईंनी बाक बाहेर काढायला लावले आणि जमिनीवर एक सतरंजी टाकली. खुर्ची घेतली नाही. सगळ्या मास्तरांना वाटलं, ही वरून आपल्यावर नजर ठेवायला पाठवलेली आहे. त्या जवळून गेल्या की मास्तरांच्या खोलीतलं बोलणं थांबायचं.

आणि गावात दोन आठवड्यांत नाव पडलं, 'येड्याइची डाक्टरीण'. गावाला मनाचा डॉक्टर म्हणजे नागपूरचा पागलखाना एवढंच ठाऊक होतं. ज्याला ही बाई बोलावते तो येडा, हा हिशेब सरळ होता. एक आई तर वर्गाच्या दारात उभी राहून मला म्हणाली, "मास्तरीणबाई, माह्या पोट्टीले त्या खोलीत धाडू नका. उद्या तिले पाव्हने पाह्यले येतीन तं कोनी ना कोनी सांगनच, का ही येड्याइच्या डाक्टरणीकडे जात होती म्हनून."

मी तेव्हा चौथीला शिकवत होते, नुकतीच नोकरीला लागलेली, आर्वीहून आलेली. गावात एकट्या बाईला जागा मिळणं कठीण, म्हणून आम्ही दोघी कासाराच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिलो. बाई माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठ्या. लग्न केलेलं नव्हतं, त्याबद्दल त्या बोलत नसत. स्वयंपाकात शून्य. त्यांची भाकरी एका बाजूने काळी आणि दुसऱ्या बाजूने कच्ची असायची आणि तीच त्या मन लावून खायच्या. पायात पुरुषी चपला. चालायच्या भराभर, पुढे झुकून, त्यामुळे सारखी ठेच लागायची. शाळेत छडीचा आवाज आला की मात्र त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. सुरुवातीला त्या जाऊन मास्तरांशी भांडल्या. त्याने काही झालं नाही, उलट छड्या वाढल्या. मग आवाज आला की त्या आपल्या खोलीचं दार उघडून उंबऱ्यावर येऊन बसायच्या. फक्त बसायच्या. काही मुलं मार खाऊन तिकडे जायला लागली. अशी त्यांच्याकडे मुलं यायला सुरुवात झाली, हुकमाने नव्हे.

खात्याने त्यांना बुद्धी मोजायच्या प्रश्नांची पुस्तकं दिली होती. मूळ विलायती, मराठीत उतरवलेली. प्रत्येक प्रश्नाचं बरोबर उत्तर मागे छापलेलं. एकदा त्यांनी सुदाम नावाच्या तिसरीतल्या मुलाला प्रश्न विचारले. सुदाम गावाबाहेरच्या महारवाड्यातला, चुणचुणीत डोळ्यांचा. मी त्यांना वर्गातली मुलं आणून देत असे, म्हणून तिथे होते.

बाईंनी वाचलं, "तुला रस्त्यात तिकीट लावलेलं, पत्ता लिहिलेलं पाकीट पडलेलं सापडलं, तर तू काय करशील?"

सुदाम लगेच म्हणाला, "हात नाई लावनार."

पुस्तकातलं उत्तर होतं, टपालाच्या पेटीत टाकीन. बाईंनी शून्य लिहिलं. मग थांबल्या. "मग?" त्या म्हणाल्या.

"मंग काय बाई? मी हात लावला तं कोन घेईन ते पाकीट? आन कोनी पाह्यलं तं म्हनतीन, पोट्ट्यानं चोरलं. मी तं दुरूनच जाईन."

बाई बराच वेळ त्या शून्याकडे बघत बसल्या. घरी आल्यावर त्या जेवल्या नाहीत. म्हणाल्या, "कुसुमताई, तो मुलगा पुस्तकाप्रमाणे मंदबुद्धी निघतो. आणि त्याच्या जागी मी असते तर मीही हेच उत्तर दिलं असतं. शहाण्या मुलाचं उत्तर आहे ते."

पुस्तकं पेटीत गेली. महिनाअखेर हेडमास्तरांनी विचारलं, "मग किती पोरं मंद निघाली? वर कळवायचं आहे."

"पोरं नाही निघाली. प्रश्न मंद निघाले," बाई म्हणाल्या आणि चालत्या झाल्या. असं बोलून माणसं जोडली जातात होय? पण पुढच्या वर्षी दसऱ्याला सुदामच्या वस्तीने नागपूरला जाऊन धर्म बदलला, आणि सुदाम पांढराशुभ्र सदरा घालून शाळेत आला तो मान वर करून, पहिल्या रांगेत येऊन बसला. तेव्हा बाई त्याच्याकडे दारातून नुसत्या बघत राहिल्या होत्या. मला म्हणाल्या, "मी दहा वर्षं खोलीत घेऊन बसले असते तरी मला हे जमलं नसतं. माझ्या शास्त्रात याला शब्दच नाही."

आता वेणूचं सांगते. बाई देवळीत कशासाठी आल्या होत्या असं मला कोणी विचारलं तर मी वेणूचं नाव सांगेन.

बाई आल्या त्याच्या दुसऱ्या वर्षी वेणू माझ्या वर्गात आली. किसनजी नावाच्या शेतकऱ्याची थोरली मुलगी. वर्ध्याच्या रस्त्यालगत त्यांचं शेत होतं, खाऊन-पिऊन सुखी घर. आदल्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत आई-बाप शेतात होते आणि धाकटा, नुकता रांगायला लागलेला भाऊ वेणूच्या हवाली होता. तो रांगत रांगत शेतातल्या बिनकठड्याच्या विहिरीत गेला. तेव्हापासून वेणू बोलत नव्हती. शाळेत नाही, घरात नाही, देवळात नाही. कोणी तिला बोल लावला नव्हता, निदान तोंडावर नाही. घरात त्या पोराचं नावच कोणी काढत नव्हतं. मांत्रिक झाला, सेवाग्रामकडच्या दवाखान्यात घसा तपासून झाला. घसा चांगला होता. आधीच्या मास्तरांनी हट्टी समजून मारही दिला होता. वेणू मार खायची तेव्हा तिच्या तोंडून आवाज निघायचा नाही. तेच जास्त भयंकर होतं.

बाईंनी तिला बोलावलं नाही. एकदा मधल्या सुट्टीत त्या टोपलीभर शेंगा घेऊन उंबऱ्यावर बसल्या आणि वेणूला म्हणाल्या, "मला मदत करतेस?" वेणू बसली. दोघी शेंगा फोडत राहिल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पुढे शाळा सुटल्यावर ती आपणहून त्या सतरंजीवर जाऊन बसायची. पावसाळा गेला, दिवाळी गेली. बाई तिच्याशी बोलायच्या, पण प्रश्न म्हणून विचारायच्या नाहीत. आज भाकरी कशी जळली, कासारीण काय म्हणाली, असलं काहीतरी.

त्यात बाईंना वऱ्हाडी बोलायची हौस आणि ते त्यांना साफ येत नसे. नागपूरच्या घरात पुस्तकी मराठी बोलणारी बाई, कुठे 'ले' लावायचा कुठे नाही याचा पत्ता नाही. मुलं पोट धरून हसायची. बाईही हसायच्या आणि "बरं, तुम्ही सांगा," म्हणायच्या. मुलांना मास्तर व्हायला मिळायचं.

एका संध्याकाळी त्या घरी आल्या त्या दारातच उभ्या राहिल्या. चपला काढायचं भान नव्हतं. "मी तिला माझ्या वऱ्हाडीत सांगत होते, 'मी काल बाजारात गेलतो,'" त्या म्हणाल्या. "ती शेंगा फोडता फोडता खालीच बघत होती. म्हणाली, 'गेलती.'"

मी ओरडलेच. "वेणू बोलली?"

"हळू! कोणाला सांगायचं नाही. तुम्हाला सांगितलं, कारण तिने सुधारली ती चूक माझी होती. माझ्या चुकीचं मी सांगू शकते. यापुढे ती जे बोलेल ते तिचं आहे."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? 'हो, गेलती,' म्हटलं आणि शेंगा फोडत बसले." एवढं म्हणून त्या चुलीजवळ बसल्या आणि त्यांना रडू कोसळलं. बाईंना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर वेणू त्या खोलीत बोलायला लागली. फक्त तिथे, फक्त बाईंशी, दार लोटलेलं असताना. काय बोलायची ते मला बाईंनी कधी सांगितलं नाही. पण अशी गोष्ट लपत नाही. महादेवने झाडता झाडता बारीक आवाज ऐकला असावा. गावात कुणकुण पसरली, आणि एका दुपारी किसनजी शाळेत आले.

मी बाईंच्या खोलीतच होते. किसनजी डोक्यावरची टोपी काढून हातात घेऊन दारात उभे राहिले. उन्हाने रापलेला थोराड माणूस, पण आत यायला कचरत होता.

"बाई, माही पोरगी तुमच्यापाशी बोलते, लोकं म्हनते."

बाई शेंगा फोडत राहिल्या.

"खरं असन तं सांगा. काय बोलते? तिच्या मायनं अन्न सोडलं. मले सांगा, मी तिले काईच म्हननार नाई. देवाशपथ."

"ती मला जे सांगते ते मला नाही सांगता येणार, किसनजी."

"मी बाप हाओ तिचा!"

"म्हणूनच. ते तिने तुम्हाला सांगायचं आहे. मी सांगितलं तर तिला सांगायला काही उरणार नाही. ती पुन्हा बंद होईल."

मला वाटलं, आता हा माणूस चिडेल, पोरीला घेऊन जाईल. किसनजी टोपीची घडी घालत आणि उलगडत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "बरं. काय बोलते ते नका सांगू. तिचा आवाज आता कसा हाये, तेवढं तरी सांगा. वरसाच्या वर झालं, ऐकला नाई."

बाईंनी हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. मोठ्या माणसाशी त्यांना इतक्या मऊपणे बोलताना मी त्या एकाच वेळी ऐकलं.

"थोडा बसका आहे. वाक्याच्या शेवटी खाली उतरतो. आणि हसू आलं की मध्येच तुटतो."

"हासते?"

"माझ्या बोलण्याला हसते."

किसनजींनी टोपी डोक्यावर घातली. "बसका," ते स्वतःशीच म्हणाले. "माह्या मायचा तसाच होता." आणि ते गेले. पोरीला शाळेतून काढलं नाही.

तोवर नोव्हेंबर येऊन गेला होता आणि आम्ही जागच्या जागी बसून मुंबई राज्यात गेलो होतो. नागपूरची कचेरी हलली, कागद कुठल्या कुठे गेले. नव्या राज्याच्या शाळांमध्ये मानसशास्त्रज्ञ नावाची जागाच नव्हती. बाईंचं काय करायचं हे पाहायला हिवाळ्याच्या शेवटी खात्याचे एक नवे साहेब आले.

लोणकर हेडमास्तरांचं मत एव्हाना बदललं होतं. बाईंशी त्यांचं सूत कधी जमलं नाही, पण शाळेतून पळून जाणारी पोरं थांबली होती आणि छड्या कमी झाल्या होत्या, हे त्यांना दिसत होतं. ते आदल्या दिवशी आमच्या घरी आले. "बाई, हात जोडतो. उद्या साहेबांशी जरा गोडीने बोला."

साहेब भला माणूस होता. त्यांनी खोली पाहिली, सतरंजीवर बसून पाहिलं, बाईंचं म्हणणं ऐकलं. शेवटी म्हणाले, "तुमचं काम मला पटतं आहे. पण मला वर सांगावं लागेल की यातून काय झालं. तपासण्या तुम्ही केल्या नाहीत. आकडे नाहीत. ती न बोलणारी मुलगी तुमच्याकडे बोलायला लागली असं कानावर आलं. तिला बोलवा. माझ्यासमोर दोन शब्द बोलू दे. मी तुमची जागा राखण्यासाठी भांडेन. माझा शब्द."

बाई म्हणाल्या, "मूल दाखवायचं नसतं, साहेब."

"फक्त नाव सांगू दे."

बाई नाही म्हणणार होत्या. पण हेडमास्तरांनी, चांगल्याच हेतूने, महादेवला खूण केली होती. महादेव वेणूला वर्गातून घेऊन आला. मी मागोमाग धावले. वेणू दारात उभी राहिली. आत साहेब, हेडमास्तर, दोन मास्तर. हेडमास्तर लाडीगोडीने म्हणाले, "ये बेटा. साहेबांना नाव सांग तुझं. बाईंची नोकरी आहे त्यावर."

वेणूने बाईंकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. मला दिसत होतं, ती प्रयत्न करत होती. जीव एकवटून प्रयत्न करत होती.

बाई उठल्या आणि तिच्या आणि आमच्या सगळ्यांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"ती बोलत नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "तुम्ही ऐकलं ते खोटं आहे. माझ्याकडेही ती बोललेली नाही. मला नाही जमलं, असं लिहा."

साहेबांना कळलं असावं. मग म्हणाले, "तसं लिहिलं तर जागा जाईल."

"हो."

मी वेणूला वर्गात परत नेलं.

महिन्याभरात हुकूम आला. मार्चअखेर जागा रद्द. लोणकर हेडमास्तर तो कागद घेऊन खोलीच्या दाराशी आले आणि नुसते उभे राहिले. बाईंनीच तो त्यांच्या हातातून घेतला.

पण बाईंना दुःख झालं ते जागेचं नव्हतं. साहेब येऊन गेल्यापासून वेणू शाळेत येईना. दोन-तीनदा मी घरी गेले, आई म्हणायची, शेतात गेली. बाई गेल्या तर ती मागच्या दाराने निघून जायची. हेडमास्तरांचं ते एक वाक्य पोरीने उचललं होतं. आपण बोललो नाही म्हणून बाईंची नोकरी गेली. "एक ओझं उतरवता उतरवता तिच्या डोक्यावर दुसरं चढलं, कुसुमताई," बाई म्हणायच्या. "आणि हे माझ्यामुळे." त्या दिवसांत त्यांनी शेंगा खाणंही सोडलं. बोलता बोलता गप्प व्हायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि मी काय विचारलं ते त्यांना आठवायचं नाही.

पुढचं आधी सांगून टाकते. वेणू पुन्हा शाळेत आली नाही. पण त्या पावसाळ्यात, निंदणीच्या दिवसांत, एका शुक्रवारी किसनजी बाजारात मला शोधत आले.

"पोरगी बोलली, मास्तरीणबाई. वावरात, मायजवळ. दोघी निंदून राह्यल्या होत्या. एकदम म्हने, 'माय, मी झोपली होती. बाळू गेला तवा मले झोप लागलती.'"

दीड वर्ष त्या लेकराने एवढंच आत धरून ठेवलं होतं. दिवसभर काम करून थकलेल्या नऊ वर्षांच्या पोरीला झोप लागली होती.

"आन तिची माय काय म्हने मालूम हाये?" किसनजींनी उपरण्याने डोळे पुसले. "म्हने, 'मले मालूम होतं वो बाई. मी धावत आली तवा तू झाडाखाली झोपूनच होती. म्या कोनाले नाई सांगतलं.' दोघीइले मालूम होतं, मास्तरीणबाई! एका घरात राहून दोघी एकमेकींपासून लपवून राह्यल्या होत्या." मग म्हणाले, "त्या बाईले सांगा. लवकर सांगा."

दिवाळीच्या सुट्टीत मी नागपूरला त्यांच्या भावाचं घर शोधत गेले. मुद्दाम गेले, हे पत्रात लिहायचं नव्हतं, तोंडाने सांगायचं होतं. दार भावाने उघडलं. मी नाव सांगितलं तर म्हणाले, "तुम्ही कुसुमताई ना? आत या." आणि मग सांगितलं, की उन्हाळ्यातच मुदतीच्या तापाने त्यांची बहीण प्रमिला गेली. दुसरी नोकरी मिळाली नव्हती. आजारात मुलांची नावं घ्यायची म्हणाले, कोणाची ते घरात कोणाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. समोरच्या बाईने विचारलं, "कोनी गेलं का?" मी हो म्हटलं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते मार्चअखेर, देवळीहून निघाल्या त्या दिवशी. मी वर्ध्याच्या स्टेशनापर्यंत पोचवायला निघाले होते. सकाळची मोटार. हेडमास्तर आले होते, महादेव ट्रंक टपावर चढवत होता, सुदाम आणि बरीच मुलं भोवती होती. बाई कोणाशी फार बोलल्या नाहीत. मोटार गावाबाहेर पडली, पळस पेटलेले होते, दोन्ही बाजूंना कपाशीच्या वेचून झालेल्या पऱ्हाट्या वाळून उभ्या होत्या. किसनजींचं शेत आलं तशा बाई एकदम उठून उभ्या राहिल्या. "थांबवा! मोटार थांबवा!"

ड्रायव्हर म्हणाला, "बाई, इथं स्टँड नाई. टेसनावरची गाडी चुकन तुमची."

"चुकू दे."

त्या खाली उतरल्या आणि शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, पुढे झुकून भराभर चालायला लागल्या. शेतात आई आणि वेणू पऱ्हाट्या उपटत होत्या. बाई येताना दिसल्या तशी आई बाजूला झाली. वेणू पळाली नाही. हातातली पऱ्हाटी धरून तशीच उभी राहिली, मान खाली घालून. बाई तिच्यासमोर जाऊन काहीतरी बोलल्या. थोडंच. मला मोटारीतून काही ऐकू येत नव्हतं, इंजिन धडधडत होतं. पोरीने मान वर केली नाही. पुन्हा खाली वाकून पऱ्हाटी उपटायला लागली.

तेव्हा बाईंनी पदर खोचला आणि तिच्या शेजारी वाकून स्वतः एक पऱ्हाटी दोन्ही हातांनी धरली. जन्मात कधी उपटलेली नव्हती. ओढली, हलेना. पाय रोवून पुन्हा ओढली, आणि पऱ्हाटी मुळासकट निघाली तशा बाई मागच्या मागे धपकन ढेकळांत बसल्या. चपला एकीकडे, पाय वर.

वेणूने तोंडावर हात धरला. तिचे खांदे हलायला लागले. मग हात खाली आला, तिने डोकं मागे टाकलं, आणि मला इतक्या लांबून तिचे पांढरे दात दिसले. आवाज मोटारीपर्यंत आला नाही. तिची आई मात्र हातातलं काम टाकून जागच्या जागी खाली बसली.

ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. वेणू बाईंना उठवायला दोन्ही हात पुढे करून उभी होती. बाईंनी तिचे हात धरले होते, पण उठत नव्हत्या. तशाच मातीत बसून, मान वर करून, तिच्याकडे बघत होत्या.